रोहिणी लागली, पण दिसली का नाही?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय 66. सांगली जिल्ह्यातल्या गावी राहतो, थोडी शेती आहे. दरवर्षी 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि पेरणीची बोलणी सुरू होतात. यंदा सहावीतल्या नातीनं विचारलं, "आजोबा, रोहिणी लागली म्हणता, मग ती कुठली ते दाखवा ना." त्या रात्री आकाश निरभ्र होतं. तासभर शोधलं, पण सापडली नाही. हिवाळ्यात मात्र एक ठळक तांबूस तारा पाहिल्याचं आठवतं; तीच रोहिणी असं एक मित्र सांगतात. नक्षत्र उन्हाळ्यात लागतं आणि तारा हिवाळ्यात दिसतो, हा काय प्रकार आहे?

उत्तर : तुमचे मित्र बरोबर सांगतात. 25 मेच्या रात्री रोहिणी सापडणं शक्यच नव्हतं, आणि न सापडण्याचं कारण 'रोहिणी लागली' या शब्दांतच आहे. सूर्य आकाशाच्या ज्या भागात असतो, त्या भागाचं नक्षत्र लागलं असं आपण म्हणतो. साधारण 25 मे ते 7 जून या दोन आठवड्यांत सूर्य रोहिणीच्या भागातून जातो. म्हणजे त्या दिवसांत रोहिणी सूर्याच्या सोबतीनं उगवते आणि सोबतीनंच मावळते. ती असते दिवसाच्या आकाशात.

31 मे किंवा 1 जूनला तर ती सूर्याच्या दक्षिणेला जेमतेम साडेपाच अंशांवर असते. भर दुपारी तुम्ही शेतात असता तेव्हा ती जवळजवळ डोक्यावर असते, पण हवेत विखुरलेल्या सूर्यप्रकाशात तिचा पत्ता लागत नाही. (ती शोधायला दुर्बीण त्या बाजूला मुळीच वळवू नका. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर नजरेला आला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.) मेच्या पहिल्या आठवड्यात ती पश्चिमेला संधिप्रकाशात दिसते, मग दिसेनाशी होते. जूनच्या उत्तरार्धात पहाटे पूर्वेला ती पुन्हा वर येते, पण तोवर आपल्याकडे ढग आलेले असतात.

मग सूर्य रोहिणीत आहे हे ओळखायचं कसं? त्याची एक सुंदर सोय आकाशातच आहे. रोहिणीच्या जवळजवळ नेमका समोर, आकाशाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक ठळक तांबडा तारा आहे. तो म्हणजे वृश्चिक राशीतली ज्येष्ठा. सूर्य रोहिणीपाशी असतो तेव्हा ज्येष्ठा त्याच्या बरोबर समोर येते, म्हणून मेअखेरीस दिवस मावळता मावळता ती आग्नेयेला उगवते आणि रात्रभर आकाशात राहते. पौर्णिमेचा चंद्रही सूर्यासमोरच असतो. म्हणून त्या सुमाराची पौर्णिमा ज्येष्ठेच्या आसपास होते आणि त्या महिन्याचं नावही ज्येष्ठ. पुढच्या मेअखेरीस नातीला अंगणात न्या आणि आग्नेयेची ज्येष्ठा दाखवा. "ही उगवतेय ना, म्हणजे रोहिणी आत्ता सूर्याबरोबर मावळलीय," असं तिला सांगता येईल. महाराष्ट्रातून या दोघी एकाच वेळी कधीच दिसत नाहीत.

प्रश्न : मग रोहिणी पाहायची केव्हा आणि ओळखायची कशी? आकाशात तांबडा मंगळही असतो.

उत्तर : ऑक्टोबरच्या मध्यावर ती रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला उगवते. कुठलाही तारा रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतो, म्हणजे महिन्याला दोन तास. त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यावर ती सातच्या सुमारासच उगवलेली असते. डिसेंबर ते मार्च हा तिला निवांत पाहण्याचा काळ.

ओळखण्यासाठी मृगापासून सुरुवात करा. मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, गावाकडे पोरासोरांनाही ठाऊक असतो. त्या तीन ताऱ्यांची रेघ आग्नेयेकडे वाढवली की लखलखता व्याध लागतो. तीच रेघ उलट, वायव्येकडे नेली की हात लांब करून धरलेल्या सुमारे दोन मुठींच्या अंतरावर एक तांबूस तारा येतो, ती रोहिणी. रेघ तशीच आणखी पुढे नेली की कृत्तिकांचा पुंजका येतो. व्याध, बाण, रोहिणी, कृत्तिका हा क्रम एकदा नजरेत बसला की पुन्हा विसरायला होत नाही.

खूण पक्की करायची असेल तर तिच्याजवळचे बारीक तारे पाहा. ते आडव्या पडलेल्या इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे मांडलेले आहेत आणि एका फाट्याच्या टोकाला रोहिणी आहे. आपल्या जुन्या ज्योतिष्यांना ही आकृती गाड्यासारखी वाटली, म्हणून तिला रोहिणीशकट म्हणतात.

मंगळाशी गल्लत होणं स्वाभाविक आहे, कारण मंगळ दर दोनेक वर्षांनी याच भागातून जातो आणि रंगही मिळताजुळता. पण रोहिणी लुकलुकते, विशेषतः क्षितिजाजवळ असताना, आणि मंगळाचा प्रकाश बराचसा स्थिर असतो. याउपर शंका राहिलीच तर 'व्ही'च्या ताऱ्यांच्या तुलनेत त्याची जागा कागदावर काढून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा. मंगळ सरकलेला असेल, रोहिणी तिथंच असेल.

तुमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आकाशात रोहिणी विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांवर आहे आणि कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी यांचे अक्षांश साडेसोळा ते सतरा अंशांच्या दरम्यान आहेत. म्हणून या पट्ट्यात रोहिणी अगदी माथ्यावरून जाते. कोल्हापुरात तर डोक्यावरच्या नेमक्या बिंदूपासून तिचं अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी राहतं. 20 ते 22 जानेवारीच्या सुमारास रात्री नऊला अंगणात चटई टाका, उताणे पडा आणि सरळ वर पाहा. मुंबईकराला ती माथ्याच्या थोडी दक्षिणेला दिसेल, नागपूरकराला आणखी दक्षिणेला, पणजीकराला किंचित उत्तरेला.

प्रश्न : ती खरंच तांबडी आहे की हवेमुळे तशी दिसते?

उत्तर : खरंच तशी आहे. क्षितिजाजवळ हवेमुळे सगळेच तारे थोडे तांबूस दिसतात, म्हणून रंग पारखायचा तो तारा माथ्यावर असताना. तेव्हाही रोहिणी नारिंगी तांबूस दिसेल. मृगाच्या पायापाशी असलेला राजन्य हा निळसर पांढरा तारा आहे. एकदा रोहिणीकडे, एकदा राजन्याकडे असं चार-पाच वेळा आळीपाळीनं पाहा. फरक कुणी सांगावा लागत नाही. साधी द्विनेत्री असेल तर तिचा फोकस मुद्दाम थोडा बिघडवा. ताऱ्याच्या ठिपक्याची छोटी चकती होते, प्रकाश पसरतो आणि रंग जास्त स्पष्ट दिसतो.

रंग म्हणजे पृष्ठभागाचं तापमान. लोहाराच्या भट्टीत फाळ आधी तांबडा होतो, जास्त तापला की पिवळा आणि मग पांढरट, ताऱ्यांचंही तसंच. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आहे, रोहिणीचं सुमारे 3,600. राजन्याचं याच्या तिपटीहून जास्त.

इथं नात लगेच विचारेल, की सूर्यापेक्षा थंड असून ती एवढी तेजस्वी कशी? उत्तर तिच्या आकारात आहे. रोहिणीच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर सूर्याच्या एक चौरस मीटरच्या जेमतेम पाचवा हिस्सा ऊर्जा बाहेर टाकतो. पण तिचा व्यास सूर्याच्या सुमारे 44 पट आहे, म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ दोन हजारपट. दोन हजाराचा पाचवा हिस्सा म्हणजे चारशे. रोहिणी सूर्याच्या सुमारे चारशेपट ऊर्जा ओतते. हा हिशेब सहावीतली मुलगी वहीत करू शकते, जरूर करून घ्या. सूर्याच्या जागी रोहिणी आणून ठेवली तर तिचं बिंब आपल्या आकाशात सुमारे 23 अंश रुंद दिसेल, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहून मोठं.

अशा ताऱ्याला तांबडा राक्षसी तारा म्हणतात. पण रोहिणी काही पहिल्यापासून एवढी मोठी नव्हती. तिचं वस्तुमान सूर्याहून थोडंसंच जास्त आहे. तारा आयुष्याचा मोठा काळ गाभ्यातल्या हायड्रोजनपासून हेलियम बनवत घालवतो आणि त्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर जगतो. सूर्य आज हेच करतो आहे. रोहिणीच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे. आता गाभ्यात हेलियम साठला आहे आणि तो स्वतःच्या भारानं आक्रसत चालला आहे. त्याच्याभोवतीच्या पातळ थरात मात्र हायड्रोजन पूर्वीपेक्षा जोरानं जळतो. त्या वाढीव ऊर्जेनं बाहेरचे थर फुगतात, दूर जातात, निवतात आणि तांबडे होतात.

आपल्या सूर्यावरही सुमारे 500 कोटी वर्षांनी हीच पाळी येणार आहे. पुढं तो रोहिणीच्या आजच्या आकारालाही मागं टाकेल आणि बुध, शुक्र हे ग्रह त्यात विरघळून जातील असं गणित सांगतं. म्हणून रोहिणीकडे पाहणं म्हणजे सूर्याचं म्हातारपण पाहणं. सूर्यासारख्या ताऱ्याचं पुढं काय होतं हे नुसत्या डोळ्यांनी दाखवणारे ठळक तारे मोजकेच आहेत. उन्हाळ्यातली स्वाती हा त्यातलाच दुसरा.

प्रश्न : मृगातला काक्षीही तांबडा आहे आणि त्याचा स्फोट होणार असं वाचलं होतं. रोहिणीचाही होईल का?

उत्तर : नाही. काक्षी आणि समोरची ज्येष्ठा हे महाराक्षसी तारे आहेत, वस्तुमानानं सूर्याच्या दहापटीहून मोठे. असे तारे शेवटी स्फोट होऊन संपतात. 2019च्या अखेरीपासून 2020च्या फेब्रुवारीपर्यंत काक्षी नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंद झाला होता, तेव्हा स्फोटाची चर्चा जगभर झाली. पुढं कळलं की त्यानंच बाहेर टाकलेल्या धुळीनं त्याचा प्रकाश अडवला होता. रोहिणीला स्फोट होण्याएवढं वस्तुमानच नाही. ती कालांतरानं बाहेरचे थर सोडून देईल आणि मागं पृथ्वीच्या आकाराचा, पांढरा, घट्ट असा अवशेष उरेल. त्याला श्वेत बटू म्हणतात.

प्रश्न : ती आपल्यापासून किती लांब आहे? आणि शकटातले बाकीचे तारे तिचेच सोबती का?

उत्तर : अंतर सुमारे 65 प्रकाशवर्षं. तुम्ही पत्रात वय 66 लिहिलं आहे. येत्या हिवाळ्यात रोहिणीचा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत शिरेल, तो साधारण तुमच्या जन्माच्या सुमारास तिथून निघालेला असेल. तुमची शाळा, नोकरी, संसार होत असताना तो वाटेवर होता. नातीच्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश पाहायला मात्र नातीला आजीच्या वयाचं व्हावं लागेल.

शकटातले तारे तिचे सोबती नाहीत. ते सगळे एकाच वेळी जन्मलेल्या ताऱ्यांच्या गुच्छातले आहेत आणि तो गुच्छ सुमारे 150 प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी निम्म्याहून कमी अंतरावर, त्या गुच्छाच्या आणि आपल्या मधल्या वाटेवर आहे. आपल्या जागेवरून दोन्ही एका रेषेत येतात, म्हणून ती गाड्याला जुंपल्यासारखी वाटते. द्विनेत्रीतून पाहिलं की गुच्छातले कितीतरी अधिक तारे उघड होतात.

माणसानं केलेली एक वस्तूही त्या दिशेनं चालली आहे. 1972 मध्ये सुटलेलं पायोनियर 10 हे यान गुरूला भेट देऊन सूर्यमालेबाहेर निघालं. त्याचा शेवटचा क्षीण संदेश जानेवारी 2003 मध्ये मिळाला. त्याची दिशा साधारण रोहिणीकडे आहे आणि तेवढं अंतर कापायला त्याला सुमारे 20 लाख वर्षं लागतील.

प्रश्न : चंद्राचा रोहिणीवर फार जीव, अशी गोष्ट आम्ही मुलांना सांगत आलो. तिला आकाशात काही आधार आहे का?

उत्तर : गोष्ट अशी, की दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या होत्या, पण तो रोहिणीपाशीच रमायचा, म्हणून दक्षानं शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. आकाशात चंद्र सुमारे 27 दिवसांत सत्तावीसही नक्षत्रांतून एक फेरी करतो, तेव्हा दर फेरीत त्याची रोहिणीशी गाठ पडतेच. कधी तो तिच्यापासून बराच उत्तरेकडून जातो, कधी जवळून, आणि काही वर्षं तर तिला चक्क झाकून जातो. याला पिधान म्हणतात. चंद्राच्या मार्गाचा कल सुमारे साडेअठरा वर्षांच्या चक्रात फिरतो, त्यामुळे पिधानं मालिकेनं येतात. मागची मालिका जानेवारी 2015 ते सप्टेंबर 2018 अशी चालली. त्या काळात दर फेरीत पृथ्वीवर कुठून ना कुठून चंद्रानं रोहिणीला झाकलेलं दिसत होतं. पुढची मालिका 2033 मध्ये सुरू होईल. नात तेव्हा कॉलेजला असेल.

या पिधानांनी विज्ञानालाही मोठी मदत केली. अथेन्सहून इ.स. 509 मध्ये दिसलेल्या रोहिणीच्या पिधानाची नोंद टिकून होती. एडमंड हॅली यांनी ती नोंद आणि ग्रीकांच्या जुन्या तारायाद्या आपल्या काळाच्या वेधांशी ताडून पाहिल्या आणि 1718 मध्ये जाहीर केलं की व्याध, स्वाती आणि रोहिणी यांच्या जागा बदलल्या आहेत. तारे आकाशात खिळलेले आहेत ही शेकडो वर्षांची समजूत तिथं ढासळली.

आपल्या कोकणातल्या एका ज्योतिर्विदाचं नावही रोहिणीशी जोडलेलं आहे. शनी किंवा मंगळ रोहिणीच्या शकटातून गेला तर जगावर अरिष्ट येतं, अशी जुनी समजूत होती. त्याला शकटभेद म्हणत. दशरथानं शनीला रोहिणीपाशी अडवलं ही कथा याच भीतीतून आलेली. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, 'ग्रहलाघव' लिहिलं. महाराष्ट्रातली पंचांगं पुढं कित्येक पिढ्या त्यावर चालली. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की या दोन ग्रहांच्या मार्गांची सध्याची ठेवण पाहता असा भेद सध्याच्या काळात होतच नाही. भीतीला त्यांनी गणितानं उत्तर दिलं. पाचशे वर्षांनंतरही ते वाचताना मला त्यांचा अभिमान वाटतो.

प्रश्न : शेवटचं विचारतो. रोहिणीचा पावसाशी खरंच संबंध आहे का?

उत्तर : पाऊस पाडण्यात त्या ताऱ्याचा काडीचाही हात नाही. 65 प्रकाशवर्षांवरून तो आपल्या ढगांचं काही करू शकत नाही. रोहिणी नक्षत्र ही तारीख आहे. ज्या काळी भिंतीवर कॅलेंडर नव्हतं त्या काळी सूर्य कुठल्या ताऱ्यांपाशी आहे यावरून ऋतू ओळखत. केरळात मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 1 जून आणि मुंबईची 11 जून आहे. सूर्य रोहिणीतून मृगात जाण्याचा काळ नेमका याच्या आतबाहेर येतो, म्हणून रोहिणीत वळवाच्या सरींची आशा आणि मृगात पेरणीची घाई. मशागतीचं वेळापत्रक म्हणून ही पद्धत उत्तम होती. यंदाचा पाऊस किती आणि कधी, हे मात्र ती सांगू शकत नाही. पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज आणि जमिनीतली ओल पाहूनच घ्या.

शिवाय ही तारीख ऋतूंच्या मानानं हळूहळू सरकते आहे. पृथ्वीचा आस फार संथपणे डोलतो, त्यामुळे सूर्याला त्याच ताऱ्यापाशी परत यायला ऋतुचक्रापेक्षा सुमारे वीस मिनिटं जास्त लागतात. 71-72 वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्या 1290च्या सुमारास रोहिणी लागायची ती ऋतूंच्या हिशेबानं आजच्यापेक्षा दहा दिवस आधी.

हे सगळं नातीला तोंडी सांगू नका, तिला मोजू द्या. 2 डिसेंबरच्या सुमारास अंगणात एक सरळ काठी उभी करा आणि तिची सावली सर्वांत आखूड कधी होते ते घड्याळात पाहायला सांगा. तुमच्या गावी दुपारी 12 वाजून 20 मिनिटांच्या आसपासची वेळ येईल. त्याच रात्री साधारण त्याच वेळेला रोहिणी माथ्यावर आलेली तिला दिसेल. एक दुपारी, एक मध्यरात्री, म्हणजे त्या दिवशी सूर्य आणि रोहिणी आकाशाच्या दोन समोरासमोरच्या टोकांना आहेत. सूर्याला अर्धी फेरी पुरी करायला सहा महिने लागतात. तिनं बोटांवर सहा महिने मोजले की मेअखेर, जूनची सुरुवात येईल. सूर्य रोहिणीपाशी केव्हा पोचतो, हे सहावीतल्या मुलीला पंचांग न उघडता सांगता येईल. पंचांग ज्यांनी प्रथम मांडलं त्यांच्याजवळही काठी, आकाश आणि चिकाटी यांहून फारसं काही नव्हतं.